नाताळापूर्वीची घरशाळा

इंग्लंडमध्ये मूल शाळेत घातलेच पाहिजे असा कायदा असावा, असा आपल्याकडे अनेकांचा समज असतो. वस्तुतः तेथील कायदा सक्ती करतो ती शिक्षणाची, शाळेची नव्हे. 1944 च्या आणि पुढे 1996 च्या शिक्षण कायद्याने पालकांवर एवढेच कर्तव्य सोपविले की, मुलाचे वय, कुवत व कल यांना साजेसे पूर्णवेळ शिक्षण त्याला मिळावे. मग ते शाळेतील नियमित हजेरीने मिळो किंवा अन्यथा. या ‘अन्यथा’ शब्दाच्या आश्रयाने जी मुले घरी शिकतात, त्यांची संख्या तेथील शिक्षण खात्याच्या अंदाजाप्रमाणे 2024 च्या शरद ऋतूत 1 लाख 11 हजारांवर होती. 1977 मध्ये स्थापन झालेल्या अशा पालकांच्या एका संस्थेने तर आपले नावही याच शब्दावरून घेतले.

वाचकहो, अशा एखाद्या घरात डिसेंबर महिना कसा जात असेल, याचे चित्र आज डोळ्यांपुढे आणू या. ही घरे एकाच साच्याची नसतात. कोणी धर्मश्रद्धेने हा मार्ग धरतो, कोणाचे मूल शाळेच्या नावानेच भेदरून जाते, तर कोणाला तीस मुलांचा वर्गच मान्य नसतो. आपण लंडनपासून आगगाडीने तासाभराच्या अंतरावरचे एक साधे घर कल्पू. मुलगा पंधरा वर्षांचा, मुलगी नऊ वर्षांची. वडील नोकरीवर जातात आणि आई घरी असते.

डिसेंबरात तेथे सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चार वाजण्यापूर्वीच मावळतो. त्यामुळे दिवसाचे वेळापत्रक आई ठरवीत नाही, सूर्य ठरवितो. सकाळी दोन-तीन तास गणित, वाचन व लेखन. जेवण झाले की उजेड आहे तोवर बाहेर पडायचे. एकदोन मुलांना शिकवायला मोठ्या वर्गाइतका वेळ लागत नाही, असा या पालकांचा अनुभव आहे, आणि त्यात अतिशयोक्ती नसावी.

नाताळाचे पुडिंग मात्र चार-पाच आठवडे आधीच केलेले असते. मनुका, बेदाणे, पाकात मुरविलेली संत्र्याची साल, पावाचा चुरा, अंडी, चरबी आणि मसाले एकत्र करून घरातील प्रत्येकाने ते मिश्रण एकदा तरी ढवळायचे, अशी जुनी रीत आहे. मग कित्येक तास ते वाफवायचे. आजीच्या वहीतील प्रमाण औंसांत, घरचा तराजू ग्रॅमचा; एका औंसाचे सुमारे 28 ग्रॅम धरून नऊ वर्षांच्या मुलीने सारे प्रमाण बदलायचे आणि पुन्हा निम्मे करायचे, कारण भांडे लहान आहे. गणित चुकले तर पुडिंग बिघडणार, हे तिला कोणी सांगावे लागत नाही. जायफळ बांदा बेटांचे, दालचिनी श्रीलंकेची, लवंग मोलुक्कासची. भिंतीवरच्या नकाशात त्या जागा शोधता शोधता या मसाल्यांसाठी युरोपीय राष्ट्रे किती झगडली, ती हकीकतही निघते. आपल्याकडे भाजणीचे प्रमाण आईच्या हाताखाली शिकणाऱ्या, दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला रचणाऱ्या मुलांना, किंवा वसई-गोव्याकडे नाताळासाठी नेवऱ्या वळणाऱ्या मुलांना हे नवे वाटणार नाही. फरक इतकाच की, आपण त्याला सणाची लगबग म्हणतो. हे कुटुंब त्याची नोंद मुलीच्या अभ्यासाच्या वहीत करते.

बाहेरच्या फेरीतही असेच घडते. पाने गळालेल्या सफरचंदाच्या झाडावर हिरवा गोल झुपका दिसतो, तो मिसलटो. नाताळात दारावर टांगण्यासाठी त्याला मोठी मागणी असते. टेनबरी वेल्स या गावी दरवर्षी त्याचे लिलाव होतात. ही वनस्पती म्हणजे आपल्या आंब्यावरील बांडगुळाचीच दूरची बहीण. यजमान झाडाचे पाणी ती घेते, पण हिरवी असल्यामुळे काही अन्न स्वतःही तयार करते. तिचे चिकट बी पक्षी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात. इतके पाहून घरी यायचे आणि हात गरम झाले की चित्र काढायचे.

आठवड्यातून एखाद्या मंगळवारी लंडनची सहल असते. शाळा चालू असल्याने त्या दिवशी गर्दी कमी. तेथील राष्ट्रीय संग्रहालयांतील कायमच्या दालनांना 2001 च्या डिसेंबरपासून प्रवेशशुल्क नाही, ही गोष्ट अशा घराला केवढा आधार देते! निसर्गेतिहास संग्रहालयाच्या मोठ्या दालनात 2017 पासून निळ्या देवमाशाचा सुमारे 25 मीटर लांबीचा सांगाडा टांगलेला आहे. त्याखाली उभे राहून मुलगी आपल्या पावलांनी त्याची लांबी मोजते. ट्रॅफल्गार चौकात नॉर्वेतून आलेला सूचिपर्णी वृक्ष दिव्यांनी उजळलेला असतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने दिलेल्या साहाय्याच्या कृतज्ञतेपोटी ऑस्लो शहर 1947 पासून दरवर्षी हा वृक्ष पाठविते. मुलाला इतिहासाच्या पुस्तकात युद्ध भेटलेलेच असते. येथे त्याला त्या युद्धानंतरचे एक आभारपत्र भेटते.

आणि मेणबत्ती! मायकेल फॅरडे याला शालेय शिक्षण फारसे लाभले नव्हते. चौदाव्या वर्षी तो पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवारीला लागला. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1825 पासून मुलांसाठी नाताळ व्याख्याने सुरू झाली. 1860 च्या नाताळात फॅरडेने तेथे केवळ एका मेणबत्तीवर व्याख्यानमाला दिली. घरच्या टेबलावर पेटत्या मेणबत्तीवर काचेचा पेला उपडा घालून ज्योत का विझते आणि काचेवर दव कोठून येते, हे पाहायला खर्च तो काय?

येथवर सारे मनोहर वाटते. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी: याला ‘घरचे शिक्षण’ म्हणतात खरे, पण त्यातील निम्मे सामान घराबाहेरचे आहे. संग्रहालय सार्वजनिक, ग्रंथालय सार्वजनिक, पायवाटही सार्वजनिक. घराचे स्वतःचे असे जे भांडवल आहे, ते म्हणजे आईचा दिवस. तिची नोकरी सुटलेली असते, आणि तिला त्याची भरपाई कोणी देत नाही. लेखांतून सहलींची वर्णने येतात; या हिशेबाचा उल्लेख क्वचितच येतो.

म्हणूनच नोंदणीच्या वादात या पालकांपैकी काहींची बाजू मला पटत नाही. शाळेबाहेरील मुलांची नोंदवही प्रत्येक स्थानिक शासनाने ठेवावी, अशी तरतूद असलेले विधेयक डिसेंबर 2024 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात मांडले गेले. आज नाव विचारतील, उद्या वेळापत्रक विचारतील, ही पालकांची भीती निराधार नाही. तथापि, ज्या मुलाला शिक्षक पाहत नाहीत, वर्गमित्रही पाहत नाहीत, असे एखादे मूल घरात छळ सोसत असेल, तर ते कोणाच्या दृष्टीस पडावे? सुखी घराला वहीतील एका नावाने फारसे काही गमवावे लागत नाही.

आपल्याकडे 2009 च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी शाळाप्रवेशाचे कर्तव्य पालकांवर घातले आहे. घरी शिकविण्याविषयी तो कायदा स्पष्टपणे काही बोलत नाही. दहावी-बारावीसाठी मात्र 1989 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा मार्ग उपलब्ध आहे. इंग्लंडमधील आपल्या मुलाला तशी सोय नाही. बाहेरचा उमेदवार घेणारे परीक्षाकेंद्र पालकांनीच शोधायचे आणि प्रत्येक विषयाचे शुल्क पदरचे भरायचे. प्रयोगवही किंवा वर्गकाम लागणार नाही अशीच परीक्षा बरेचजण निवडतात. तेव्हा डिसेंबराच्या त्या लांबलचक संध्याकाळी, मुलगी भेटकार्डांवर पत्ते लिहीत असताना, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आई केंद्रांच्या नावांची यादी घेऊन बसलेली असते. उन्हाळ्यातील परीक्षेसाठी अर्ज थोड्याच आठवड्यांत जायला हवेत, आणि पहिल्या दोन केंद्रांनी नकार कळविला आहे.