नकली कॅमेरा, खरी जबाबदारी



काही शे रुपयांत नकली सीसीटीव्ही कॅमेरा मिळतो. दिसायला खऱ्यासारखाच, लाल दिवाही लुकलुकतो, आत मात्र काहीच नाही. "चोराला कुठे कळतंय?" म्हणत लोक तो घरीदारी लावतात. माझं मत विचाराल तर स्वतःच्या दारावर हवा तर लावा. पण जिथे दुसऱ्यांच्या लेकीबाळी आणि पैसा आपल्या भरवशावर आहे, तिथे तो नकोच.

नकली कॅमेरा लावू नये असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. अडचण सुरू होते ती दुसरं कुणी त्यावर विसंबलं की.

मुलींचं पीजी घ्या. जाहिरातीत 'चोवीस तास सीसीटीव्ही' लिहायचं, भाडंही तसंच घ्यायचं आणि कॅमेरा पोकळ! अशा वेळी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा म्हणून तक्रार करता येते. शाळांना तर बदलापूरच्या घटनेनंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, राज्य शासनाने कॅमेरे सक्तीचे केले. तिथे नकली कॅमेरा म्हणजे आदेशाचाच भंग.

दुकान असलेल्या घरांनी विम्याचाही विचार करावा. विमा हा परम विश्वासाचा करार, असं आम्हाला कॉमर्सला शिकवलं होतं. अर्जात 'कॅमेरे आहेत' असं लिहिलं आणि चोरीनंतर ते नकली निघाले, तर खोटी माहिती दिली म्हणून कंपनी दावा नाकारू शकते. सोसायटीने किंवा मंदिराच्या पंचांनी खऱ्या कॅमेऱ्यांसाठी वर्गणी गोळा करून नकली बसवले, तर वहीत काय लिहिणार? खरं लिहिलं तर सभासद जाब विचारतील, खोटं लिहिलं तर तो हिशेबातला घोटाळा.

"निदान चोर तरी घाबरतो," असं काहीजणी म्हणतील. घाबरतही असेल. पण रात्री उशिरा परतणारी मुलगी 'इथे कॅमेरा आहे' म्हणून तोच जिना निवडते. चोर फसेल न फसेल, ती मात्र नक्की फसते. आणि उद्या काही घडलं, पोलिसांनी फुटेज मागितलं, तर त्यांच्या हातात काय ठेवणार?

सत्य अणुव्रत काही जिभेपुरतं नसतं. भिंतीवर टांगलेलं खोटंही खोटंच. ज्याने आपल्यावर विश्वास टाकला त्याला फसवणं हा मायाचार, मग हेतू कितीही चांगला असो.

म्हणून सोसायटीच्या पुढच्या सभेत एवढंच म्हणा, "कालचं रेकॉर्डिंग जरा पडद्यावर दाखवा." दाखवता आलं नाही, तर खरा कॅमेरा बसवायला लावा. तेवढा पैसा नसेल तर जिन्यात चांगला दिवा, फाटकाला भक्कम कुलूप आणि जागा राहणारा वॉचमन बघा. तोवर 'आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात' ही पाटी तेवढी खाली उतरवा.