आठच्या ठोक्याची गर्दी आणि तिची रंगीत तालीम
गणपतीचे आरक्षण, दहावीचा निकाल, विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका : संगणक प्रणालीची क्षमता आधी तपासणाऱ्यांचे ऐकणार कोण?

विशेष प्रतिनिधी

मालवण : गणेशोत्सवासाठी कोकणात येणाऱ्या गाड्यांचे आरक्षण सकाळी आठ वाजता खुले होते आणि काही मिनिटांतच पडद्यावर प्रतीक्षायादी झळकू लागते, हा अनुभव मुंबई-ठाण्यातील कोकणवासीयांना नवा नाही. मालवणला रेल्वे स्थानक नाही. येथील माणूस कुडाळ, कणकवली किंवा सिंधुदुर्ग स्थानकावर उतरून एसटीने अथवा रिक्षाने गाव गाठतो. त्यामुळे आठ वाजताची ती काही मिनिटे किनाऱ्यावरील शेकडो घरांचा सण ठरवतात. दरवर्षी त्यानंतर दलालांच्या नावाने ओरड होते, लोकप्रतिनिधी चौकशीची मागणी करतात, रेल्वे जादा गाड्या जाहीर करते आणि विषय पुढील वर्षापर्यंत मिटतो.

या वादात एक बाजू मात्र सहसा चर्चेला येत नाही. एकाच क्षणी लाखो माणसे एखाद्या संकेतस्थळावर येणार हे ठाऊक असताना त्या प्रणालीची आगाऊ परीक्षा कोण घेतो, कशी घेतो आणि तिचा निकाल कोणाला कळतो? संगणक क्षेत्रात या कामाला कार्यक्षमता चाचणी किंवा भार चाचणी म्हणतात. हे काम करणाऱ्यांचा एक छोटा वर्ग गेली अनेक वर्षे परिषदा आणि कार्यशाळा भरवून आपले अनुभव एकमेकांना सांगत आहे. त्यांची गरज सर्वांना आहे. त्यांची ओळख फारशी कोणाला नाही.

आकडे काय सांगतात?

रेल्वेची ऑनलाइन तिकीटविक्री २००२ मध्ये सुरू झाली. २०१४ च्या रेल्वे अर्थसंकल्पात मिनिटाला २,००० ऐवजी ७,२०० तिकिटे देण्याची आणि एकाच वेळी १ लाख २० हजार ग्राहकांना सामावून घेण्याची क्षमता उभारण्याची घोषणा झाली. २२ मे २०२५ रोजी सकाळी दहा वाजता, तत्काळ आरक्षणाच्या वेळी, एका मिनिटात ३१,८१४ तिकिटे निघाली. तोपर्यंतचा तो उच्चांक होता. ही क्षमता मिनिटाला दीड लाख तिकिटांवर नेणारी नवी प्रणाली डिसेंबर २०२५ पर्यंत उभारण्याचे उद्दिष्ट रेल्वेने त्याच वर्षीच्या जूनमध्ये जाहीर केले. २०२४-२५ मध्ये आरक्षित तिकिटांपैकी ८६.३८ टक्के तिकिटे ऑनलाइन काढली गेली. खिडकीवरची रांग आता बहुतांशी सर्व्हरवर गेली आहे.

या आकड्यांतून एक महत्त्वाची गोष्ट निघते. एका गाडीत साधारणतः हजार ते दीड हजार बर्थ असतात. देशभरात मिनिटाला तीस हजार तिकिटे देणारी प्रणाली कोकणकन्या किंवा तुतारी एक्स्प्रेसची आसने मिनिट-दोन मिनिटांत संपवणार, हे साध्या हिशेबानेही दिसते. प्रणाली जितकी वेगवान, तितकी प्रतीक्षायादी लवकर. तेव्हा ‘दीड मिनिटात आरक्षण संपले’ एवढ्यावरून गैरव्यवहार सिद्ध होत नाही. आणि एवढ्यावरून कारभार स्वच्छ असल्याचेही सिद्ध होत नाही. त्या मिनिटात तिकिटे कोणाला मिळाली, हे पाहिल्याखेरीज निष्कर्ष काढता येत नाही.

तशी शंका घेण्यास आधार आहे. तत्काळ आरक्षणाच्या पहिल्या पाच मिनिटांत प्रवेशासाठी होणाऱ्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत प्रयत्न माणसांचे नसून स्वयंचलित आज्ञावलींचे असतात, असे रेल्वेनेच जून २०२५ मध्ये सांगितले. अडीच कोटी खाती त्या वेळी बंद करण्यात आली. डिसेंबर २०१७ मध्ये तर केंद्रीय अन्वेषण विभागाला आपल्याच एका साहाय्यक प्रोग्रामरला अशी तत्काळ तिकिटांची आज्ञावली तयार केल्याच्या आरोपावरून अटक करावी लागली होती. पुढे १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार पडताळणी आवश्यक झाली आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून सर्वसाधारण आरक्षणाची पहिली पंधरा मिनिटे आधार पडताळणी झालेल्या खात्यांसाठी राखण्यात आली.

संथ प्रणाली कोणाच्या फायद्याची?

भार चाचणी ही केवळ तंत्रज्ञांची बाब नाही, ती न्यायाचीही बाब आहे. प्रणाली सुरळीत चालते तेव्हा आधी आलेल्याला आधी मिळते. ती अडखळू लागली की नियम बदलतो. पान अर्ध्यावर अडकते, पैसे कापले जातात पण तिकीट निघत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. अशा वेळी एकाच क्षणी शंभर प्रयत्न करू शकणारा जिंकतो आणि लोकलच्या डब्यात उभे राहून मोबाइलवर एकच प्रयत्न करणारा हरतो. म्हणजे संथपणाचा बोजा सर्वांवर सारखा पडत नाही.

हे का घडते, याचे उत्तर रांगांच्या गणितात आहे. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सोपा आहे : आत असलेल्यांची संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. मिनिटाला ३० हजार माणसे येत असतील आणि प्रत्येकाचे काम दोन मिनिटांत होत असेल, तर कोणत्याही क्षणी आत ६० हजार माणसे असतात. बँकेकडून पैसे भरल्याची पोच यायला उशीर होऊन हाच वेळ चार मिनिटांवर गेला, तर बाहेरची गर्दी न वाढताही आतली गर्दी दुप्पट होते. ती दुप्पट गर्दी सर्वांनाच आणखी संथ करते. रस्त्यावरील कोंडी अशीच वाढत जाते आणि सर्व्हरही असाच बसतो.

हे गणित मालवण तालुक्याला परके नाही. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला लाखो भाविक येतात. जत्रेची तारीख पंचांगातून ठरत नाही, देवीच्या कौलाने ठरते. ती जाहीर झाली की तयारीला मर्यादित काळ हातात राहतो. तेवढ्यात रांगा आखल्या जातात, वाहनतळ ठरतात, एसटीच्या जादा फेऱ्या आणि रेल्वेच्या विशेष गाड्या सोडल्या जातात. माणसे आल्यावर रांगा आखू, असे तेथे कोणी म्हणत नाही. संगणक प्रणालीच्या बाबतीत मात्र नेमके हेच वारंवार घडते.

महाराष्ट्राचे धडे

१६ जुलै २०२१ रोजी दहावीचा निकाल दुपारी एक वाजता जाहीर होणार होता. करोनामुळे परीक्षा न होता अंतर्गत मूल्यमापनावर लागलेल्या त्या निकालात कोकण विभाग शंभर टक्के उत्तीर्ण झाला. परंतु सिंधुदुर्गासह राज्यभरातील विद्यार्थ्यांना तो कित्येक तास पाहता आला नाही, कारण संकेतस्थळे बंद पडली. तत्कालीन शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी दिलगिरी व्यक्त केली व चौकशीचे आदेश दिले. विद्यार्थी किती हे मंडळाला ठाऊक होते, वेळ मंडळानेच जाहीर केली होती. इतकी अचूक पूर्वसूचना असलेली गर्दी क्वचितच असते. निकाल अनेक संकेतस्थळांवर व डिजिलॉकरवर विभागून देण्याचा मार्ग याच कारणाने शहाणपणाचा ठरतो.

त्याआधी २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची तपासणी संगणकाच्या पडद्यावर करण्याचा निर्णय घेतला. सिंधुदुर्गातील महाविद्यालयेही याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका, त्यांचे स्कॅनिंग, हजारो प्राध्यापकांची लॉग-इन आणि कालमर्यादा, हा सारा भार एकाच हंगामात, पुरेशी तालीम न घेता नव्या व्यवस्थेवर टाकला गेला. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, अनेकांचे पुढील प्रवेश अडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावे लागले.

ही केवळ आपली दुखणी नाहीत. १ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकी सरकारने आरोग्य विम्यासाठी सुरू केलेल्या संकेतस्थळावर पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण होऊ शकली. संपूर्ण प्रणालीची सलग चाचणी उद्घाटनाच्या जेमतेम दोन आठवडे आधी झाली होती, हे पुढे तेथील संसदेसमोरील साक्षींतून उघड झाले.

कार्यशाळा भरवणारी माणसे

या अपघातांतून शिकण्याची सोय कोणी केली? सरकारांनी नव्हे, तर हे काम हाताने करणाऱ्यांनी. संगणकाच्या क्षमतेचे मोजमाप करणाऱ्या तज्ज्ञांची ‘कॉम्प्युटर मेझरमेंट ग्रुप’ ही संघटना अमेरिकेत १९७५ पासूनची, म्हणजे मोठ्या मेनफ्रेम संगणकांच्या काळातील. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉस आल्टोस येथे केम केनर व ब्रायन लॉरेन्स यांनी सॉफ्टवेअर चाचणीची एक वेगळ्या धाटणीची बैठक सुरू केली. तोच साचा घेऊन रॉस कोलार्ड यांनी २००३ मध्ये कार्यक्षमता आणि विश्वासार्हता या विषयाला वाहिलेली ‘वॉपर’ ही कार्यशाळा उभी केली.

या कार्यशाळेची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. तेथे निमंत्रितच येतात. येणाऱ्याने प्रत्यक्ष केलेल्या कामाचा अनुभव मांडण्याची तयारी ठेवायची असते. मत चालत नाही, घडलेली हकिगत लागते. मांडणी संपल्यावर इतर जण प्रश्न विचारतात आणि ते संपेपर्यंत विचारत राहतात. एखादी कंपनी आपले साधन विकायला आली, असा प्रकार तेथे बसत नाही. संयोजन करणारे स्वतः नोकरदार वा सल्लागार असतात आणि आपले काम सांभाळून हा व्याप करतात. लहान गटात अपयश मोकळेपणाने सांगता येते, मोठ्या सभागृहात यशच सांगितले जाते, हे त्यामागील साधे तत्त्व आहे.

भारतातही ही चळवळ रुजली, आणि तिचे एक मोठे केंद्र महाराष्ट्र राहिले. ‘कॉम्प्युटर मेझरमेंट ग्रुप’च्या भारतीय शाखेची पहिली वार्षिक परिषद डिसेंबर २०१४ मध्ये पुण्यात झाली. एप्रिल २०१९ मध्ये कार्यक्षमता अभियांत्रिकीवरील आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली. आयआयटी मुंबईच्या प्राध्यापिका वर्षा आपटे तिच्या अध्यक्षांपैकी एक होत्या. बँका, शेअर बाजार आणि दूरसंचार यांच्या प्रणाली सांभाळणाऱ्या कंपन्यांची मोठी फळी मुंबई-पुण्यात असल्याने हे स्वाभाविकच होते.

उणीव आहे ती या मंडळींत आणि सार्वजनिक सेवांत जो दुवा हवा त्याची. खासगी बँकेची प्रणाली तासभर बंद पडली तर तिचे नुकसान रुपयांत मोजले जाते. म्हणून तेथे चाचणीवर खर्च होतो. निकालाचे संकेतस्थळ पाच तास बंद पडले तर नुकसान विद्यार्थ्याचे होते आणि ते कोणाच्याच ताळेबंदात दिसत नाही. निविदेत संगणक किती, खर्च किती, मुदत किती हे असते. ‘इतक्या जणांनी एकाच मिनिटात प्रवेश केला तर पान इतक्या सेकंदांत उघडले पाहिजे’ ही अट क्वचितच ठळक असते. जी अट कागदावर नाही, तिची चाचणी होत नाही. झालीच, तर मुदत जवळ आल्यावर कापला जाणारा पहिला टप्पा तोच असतो.

मर्यादा आणि मागणी

एक गोष्ट मात्र स्पष्ट असावी. कितीही चोख चाचणी केली तरी तिच्यातून एकही बर्थ निर्माण होत नाही. कोकण रेल्वेचा बहुतांश मार्ग आजही एकेरी आहे; रोहा ते वीर हा छोटा टप्पाच दुहेरी झाला आहे. रेल्वेने गणपतीसाठी २०२३ मध्ये ३०५, २०२४ मध्ये ३५८ आणि २०२५ मध्ये ३८० विशेष फेऱ्या सोडल्या, तरी मागणी पुरवठ्याच्या पुढेच आहे. टंचाईचे उत्तर रूळ आणि गाड्या हेच आहे. परंतु टंचाई असते तेव्हाच वाटपाची पद्धत अधिक निर्दोष असावी लागते. शिधावाटप दुकानात धान्य कमी असेल तर वजनकाटा अधिक काटेकोर हवा, तसेच हे आहे.

त्या दृष्टीने मागण्या फार मोठ्या नाहीत. गणपती आरक्षण, दहावी-बारावीचे निकाल, अकरावी प्रवेश यांसारख्या ठरलेल्या तारखांच्या गर्दीपूर्वी स्वतंत्र यंत्रणेकडून भार चाचणी व्हावी आणि तिचा गोषवारा प्रसिद्ध व्हावा. आरक्षण खुले झाल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत किती प्रयत्न झाले, किती यशस्वी ठरले, किती संशयास्पद म्हणून अडवले गेले, हे गाडीनिहाय जाहीर व्हावे. त्यात कोणाचेही नाव उघड करावे लागत नाही. हे आकडे समोर आले तर दरवर्षीच्या आरोप-प्रत्यारोपांना तरी काही आधार राहील.

दुसरी मागणी शिक्षणाची आहे. भार चाचणीचे ‘जे-मीटर’ हे साधन विनामूल्य मिळते आणि साध्या संगणकावर चालते. मालवणनजीक कुंभारमाठ येथे शासकीय तंत्रनिकेतन आहे, जिल्ह्यात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. पुण्या-मुंबईत अशा परिषदा भरवणाऱ्यांनी एखादी कार्यशाळा येथे आणली, तर ती केवळ रोजगाराची वाट ठरणार नाही. गावाकडची माणसे आठ वाजता ज्या प्रणालीपुढे हतबल होतात, ती आतून कशी चालते आणि कोठे अडते, हे जाणणारी मुले याच जिल्ह्यात तयार होतील.

राजापूर मतदारसंघाने मधु दंडवते आणि सुरेश प्रभू असे दोन खासदार देशाला दिले, जे वेगवेगळ्या काळात रेल्वेमंत्री झाले. रेल्वे कोकणात यावी, ही एका पिढीची मागणी होती आणि ती जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग खुला होऊन पुरी झाली. त्या गाडीत बसण्याची संधी सर्वांना सारखी मिळावी, ही आताच्या पिढीची मागणी आहे. तिचा निकाल मात्र रुळांइतकाच सर्व्हरवरही लागणार आहे. गर्दीची तारीख, वेळ आणि अंदाज ठाऊक असताना प्रणाली कोलमडली, तर त्याला तांत्रिक बिघाड म्हणून सोडून देता येणार नाही. तो नियोजनाचा दोष आहे आणि त्याचे उत्तर देणारा कोणीतरी असला पाहिजे.