सेकंड हँड कार्बन सायकल: विकणारा खरं बोलतोय, पण फ्रेमचं काय?

मोबाइलवर एक फोटो येतो. काळी, चकचकीत सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली. खाली लिहिलेलं असतं, ‘फुल कार्बन, दोन वर्षं वापरलेली, एकदाही अ‍ॅक्सिडंट नाही, बदली झाली म्हणून विकतोय.’ किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. तुमच्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला ट्रायथलॉनचं वेड लागलेलं असतं, किंवा डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सुरू केलेलं सायकलिंग आता तुम्हालाच आवडायला लागलेलं असतं. नवी कार्बन सायकल लाखाच्या खाली सहसा मिळत नाही. त्यामुळे बोटं आपोआप टाइप करतात, ‘अजून आहे का?’

करा टाइप. जुनी कार्बन सायकल घेण्यात काहीच वाईट नाही. हौसेनं घेतलेल्या आणि सहा महिन्यांत गॅलरीत कपडे वाळत घालायच्या कामाला लागलेल्या चांगल्या सायकली आपल्याकडे भरपूर आहेत. पण फोटोखालच्या त्या ‘एकदाही अ‍ॅक्सिडंट नाही’ या वाक्यावर जरा थांबा. विकणारा खोटारडा असेल म्हणून नाही. तो अगदी खरं बोलत असला, तरी फ्रेमला आतून मार बसलेला असू शकतो आणि ते त्यालाही माहीत नसतं.

कारण या सायकली चालवताना जितक्या पडतात, तितक्याच उभ्या असतानाही पडतात. पार्किंगमध्ये कुणीतरी स्कूटर काढताना धक्का दिला, ती आडवी होऊन फूटपाथच्या कडेवर आपटली. बदली झाली तेव्हा ट्रान्सपोर्टनं पाठवली आणि वर कुणीतरी कपाट ठेवलं. गाडीच्या टपावरच्या कॅरिअरनं वरची दांडी जोरात आवळली. यातल्या कशालाच आपण अ‍ॅक्सिडंट म्हणत नाही. सायकल उचलतो, पुसतो आणि विसरून जातो.

लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची सायकल असती, तर पोचा पडला असता. धातू वाकतो, चेपतो, आपली कहाणी अंगावर वागवतो. कार्बनचं तसं नाही.

प्लायवूड आठवा

कार्बन फ्रेम म्हणजे एकसंध वस्तू नाही. केसापेक्षाही बारीक कार्बनच्या तंतूंचे पातळ थर एकावर एक, वेगवेगळ्या दिशांना रचतात. त्यांच्यात इपॉक्सी रेझिन असतं, म्हणजे एक प्रकारचा डिंकच म्हणा. मग साच्यात घालून उष्णता आणि दाब देऊन ते पक्कं करतात. प्लायवूडमध्ये लाकडाचे पापुद्रे आडवे-उभे चिकटवलेले असतात ना, कल्पना तीच. म्हणून तर चांगली फ्रेम साखरेच्या एक किलोच्या पुडीइतकी हलकी असूनही घाटातल्या खड्ड्यांतून धडधाकट माणसाला घेऊन जाते.

पण हे तंतू ताण सोसण्यात पटाईत आणि बाजूनं बसलेला टोला सोसण्यात कच्चे. ज्या दिशेनं जोर येईल असं डिझायनरनं गृहीत धरलेलं असतं, त्या दिशेनं फ्रेम दणकट असते. एखाद्या टोकदार कडेचा फटका मात्र हिशोबात नसतो. तो बसला की वरचा थर लवचीकपणे आत जाऊन परत जागेवर येतो, रंग जसाच्या तसा राहतो आणि आतले थर एकमेकांपासून सुटतात. पावसात भिजलेल्या प्लायवूडचे पापुद्रे सुटतात तसे. फरक इतकाच की प्लायवूड फुगून दिसतं, इथे बाहेरून काहीच दिसत नाही.

ही काही फक्त सायकलवाल्यांची डोकेदुखी नाही. बोइंग ७८७ या विमानाचं जवळपास ५० टक्के वजन अशाच थरांच्या पदार्थांचं आहे. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या अशा धक्क्यासाठी विमान उद्योगात वेगळी संज्ञाच आहे, आणि शंका आली की अल्ट्रासाउंडसारख्या तपासण्या करून आतले थर बघितले जातात. आपल्या सायकलसाठी आपल्याकडे टॉर्च, नाणं आणि थोडा वेळ असतो. तेवढ्यातही बरंच कळतं.

आधी साक्षीदार शोधा

फ्रेम काही सांगत नसली तरी तिच्या आजूबाजूचे भाग सांगतात. सायकल आडवी पडली की आधी जमिनीला लागतात ते पॅडलची बाहेरची बाजू, सीटचा कोपरा, ब्रेकच्या लिव्हरचं टोक, हँडलची टोकं आणि उजव्या बाजूला पडली तर मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन हलवणारा भाग. या सगळ्यांवर एकाच बाजूला खरचटल्याच्या खुणा असतील, तर ही सायकल त्या बाजूवर घासत गेलेली आहे. उलट, बाकी सायकल जुनी आणि हँडलची टेप, लिव्हर, सीट मात्र कोरे करकरीत असतील, तर ‘हे कधी बदललंत, का बदललंत?’ असं विचारायलाच हवं.

आणि प्रश्न विचारायची एक पद्धत आहे. ‘कधी पडलीय का?’ याचं उत्तर नेहमी ‘नाही’ असंच येतं. त्याऐवजी ‘शेवटची कधी पडली होती?’ असं सहज विचारून बघा. माणसं मोकळेपणानं बोलायला लागतात. सायकल गाडीवरून कशी नेत होता, घरात कुठे ठेवत होता, सीट शेवटची कधी खालीवर केली, हेही विचारा. उलटतपासणी घेतल्यासारखं नको. काका चहा पाजत असतील तर चहा घेत घेतच विचारा.

आता फ्रेम

सायकल दिवसाच बघायला जा. संध्याकाळी सातला, सोसायटीच्या पार्किंगमधल्या ट्यूबलाइटखाली कार्बन बघण्यात अर्थ नाही. सायकल धुतलेली हवी, पण शक्यतो तुमच्यासमोर ओल्या फडक्यानं पुसली जावी. चिखल आणि तेलकट काळपटपणा यांच्याखाली काहीही लपतं. स्टिकर, संरक्षक फिल्म, चेनच्या बाजूला गुंडाळलेला रबरी तुकडा यांच्याखालीही लपतं. जिथे कुणी स्टिकर लावणार नाही अशा जागी एखादाच स्टिकर असेल, तर तो काढून दाखवायला सांगा.

टॉर्च फ्रेमवर सरळ न मारता तिरका धरा. नळीच्या कडेकडेनं उजेड सरकवला की बारीक रेघ, फुगवटा, रंगाची वेगळी छटा उठून दिसते. वरच्या दांडीवर समोरच्या बाजूला नीट बघा. पडताना हँडल गर्रकन वळून तिथेच आपटतं. खालच्या जाड नळीचा पोटाकडचा भाग दगडांचा मार खातो. सीटपासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या दोन काटकुळ्या नळ्या सगळ्यांत नाजूक. पॅडलच्या मागे चेन निसटून अडकली असेल, तर तिथे कार्बन खरवडलेला सापडतो. खालची नळी हँडलखालच्या भागाला जिथे जोडली जाते, तो सांधा मात्र सावकाश बघा. समोरून धडक बसली असेल तर ताण तिथेच येतो.

रेघ सापडली की लगेच घाबरायचं नाही. रंगाचा टवका आणि कार्बनची चीर या वेगळ्या गोष्टी आहेत. नख आडवं फिरवा. कापसाचा बोळा किंवा जुना नायलॉनचा मोजा फिरवा. तुटलेले तंतू असतील तर कापूस अडकतो. मग दोन्ही अंगठ्यांनी हलकेच दाबा. फ्रेमची एखादी जागा शेजारच्या जागेपेक्षा मऊ लागली, किंवा दाबल्यावर कुरकुरली, तर तिथेच थांबा.

नाण्याची युक्ती तुम्ही व्हिडिओत पाहिली असेल. नाण्यानं नळीवर टकटक करत जायचं. चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, थर सुटले असतील तिथे बद्द. युक्ती खरी आहे, पण मला वाटतं तिचं कौतुक जरा जास्तच होतं. नळीची जाडी जागोजागी वेगळी असते, आतून केबल जाते, सांध्यापाशी आवाज बदलतोच. त्यामुळे एकाच नळीवर डावी-उजवी बाजू समोरासमोर वाजवून बघा. दोन्हींत फरक आला तर शंका घ्या. आवाज सगळीकडे सारखा आला म्हणजे सर्टिफिकेट मिळालं असं मात्र नाही.

न उघडता घेऊ नका

माझ्या आतेभावानं बडोद्याला एक सायकल बघितली होती. बाहेरून झकास. त्यानं विक्रेत्याला एवढंच म्हटलं, ‘दादा, सीट काढून आत टॉर्च मारू का?’ उत्तर आलं, ‘ती निघत नाही, पण तुमची उंची बरोबर बसते ना?’ आतेभाऊ नमस्कार करून परत आला. घरी सगळ्यांनी त्याला चिडवलं की इतका चोखंदळपणा कशाला. माझ्या मते त्यानं अगदी बरोबर केलं.

सीटचा दांडा न निघण्याचं एक साधं कारण असतं. अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बन एकमेकांना चिकटून राहिले आणि त्यांत घाम, पाणी, खारी हवा शिरली की अ‍ॅल्युमिनियम गंजतं आणि जाम बसतं. मुंबई, गोवा, चेन्नई, विशाखापट्टणम अशा समुद्राकाठच्या गावांत हे जास्तच. पण कारण साधं असलं तरी तो दांडा जबरदस्तीनं काढताना फ्रेम फुटू शकते, आणि काढला नाही तर आतलं दिसत नाही. शिवाय सीटच्या क्लॅम्पखालीच चीर पडण्याची शक्यता मोठी. तिथला बोल्ट साधारण ५ न्यूटन मीटर इतकाच आवळायचा असतो. नेमका आकडा बहुतेक वेळा त्यावरच छापलेला असतो. सवयीनं साध्या पान्यानं जोर लावून आवळलं की कार्बन चिरडतो.

दुसरी उघडायची जागा हँडलच्या खाली. फोर्क, म्हणजे आपल्या सायकल दुकानातला चिमटा, त्याची वरची नळी फ्रेममधून वर येते आणि तिला हँडलचा स्टेम धरून असतो. ही नळी एरवी दिसतच नाही. घरातल्या कुणासाठी सायकल घेत असाल तर बाकी काही नाही तरी हे उघडून बघाच. मागची नळी चिरली तर बहुधा कुरकुर होते, सायकल मागून हलल्यासारखी वाटते, थांबायला वेळ मिळतो. उतारावर ४०-५० च्या वेगात फोर्कची नळी तुटली तर हँडल हातात येतं आणि तोंड रस्त्यावर. हेल्मेट दात वाचवत नाही.

हे काम घरी करू नका. जवळच्या चांगल्या सायकल मेकॅनिककडे दोघांनी मिळून जा, त्याचे पैसे तुम्ही द्या, आणि स्टेम, फोर्क, सीट सगळं त्याच्याकडून उघडून घ्या. परत बसवताना टॉर्क पाना वापरायला सांगा. प्रामाणिक विक्रेता याला सहसा नाही म्हणत नाही.

चीर सापडली, तर? फ्रेमच्या नळीची दुरुस्ती होऊ शकते. खराब थर घासून काढतात, त्यावर नवे थर चढवतात. ती नीट केली असेल, तर अशी सायकल चालवणारे बरेच जण आहेत. मला दुरुस्तीपेक्षा लपवलेल्या दुरुस्तीची भीती जास्त वाटते. बिल आणि कामाचे फोटो दाखवले तर भाव कमी करून बोला. नुसता नवा रंग दिसला आणि उत्तर गुळमुळीत आलं तर सोडून द्या. चिरलेला फोर्क मात्र दुरुस्त करून वापरायचा नाही, बदलायचा.

आणखी एक. बऱ्याच मोठ्या कंपन्यांची फ्रेमवरची आयुष्यभराची वॉरंटी फक्त पहिल्या मालकापुरती असते. ‘वॉरंटी आहे हो’ हे वाक्य तुमच्या उपयोगाचं नाही. मूळ बिल मात्र मागून घ्या आणि पॅडलच्या जागेखाली कोरलेला नंबर त्याच्याशी जुळवा. चोरीची सायकल आणि नामांकित ब्रँडचं नाव छापलेली नकली फ्रेम, दोन्ही तिथेच पकडली जातात.

कार्बन पाच वर्षांत आपोआप संपतो, असंही कुणीतरी तुम्हाला सांगेल. तसं नाही. मार न बसलेली, नीट आवळलेली कार्बन फ्रेम वर्षानुवर्षं चालते. वारंवार येणाऱ्या ताणांनी थकण्याच्या बाबतीत तर ती अ‍ॅल्युमिनियमपेक्षा सरस असते. म्हणून वयापेक्षा इतिहास बघा. आठ वर्षांची, एकाच माणसानं जपलेली सायकल मला दोन वर्षांत चार मालक बदललेल्या सायकलपेक्षा बरी वाटते.

तुमच्या गावात कार्बन उघडून बघेल असा मेकॅनिकच नसेल, तर त्याच पैशांत चांगली अ‍ॅल्युमिनियमची सायकल येते. वजन थोडं वाढेल, पण पोचा पडला तर डोळ्यांना दिसेल. फक्त तिचाही फोर्क अनेकदा कार्बनचा असतो, तेव्हा स्टेम उघडून बघायचं काम तिथेही सुटत नाही.