एमपीथ्रीचं फ्लॅक, आणि माळ्यावरच्या कॅसेटी

मंडळी, परवा आमच्या घरच्या ग्रुपवर रोह्याच्या मामेभावाने आनंदाची बातमी टाकली. "आजोबांची सगळी भजनं एमपीथ्रीतून फ्लॅकमध्ये कन्व्हर्ट केली. आता एकदम सीडी क्वालिटी!" लगेच पंधरा अंगठे आणि चार नमस्कार. आणि त्याखाली मामींचा मेसेज: "बरं झालं. रंगकाम निघालंय, आता माळ्यावरच्या कॅसेटी टाकून देते."

रात्री साडेदहाला मी पेणहून रोह्याला फोन लावला आणि बराच आरडाओरडा केला. मामी, क्षमा असावी. फोनवर जे धड सांगता आलं नाही ते इथे लिहितोय.

आधी माझं पाप. ती एमपीथ्री मीच केलेली, २००४ साली. एकूण १८ कॅसेटी, प्रत्येक तासाभराची. कॉम्प्युटरला डेक जोडून रोज रात्री एकेक उतरवून घेतली. अठरा तासांच्या वेव्ह फायली झाल्या अकरा जीबीच्या वर, आणि माझी हार्ड डिस्क होती ४० जीबीची, तीही भरत आलेली. मग मला हौस आली की अख्खे आजोबा एका सीडीत बसवायचे! सीडी ७०० एमबीची. १२८ केबीपीएसने तासाला ५८ एमबी लागतात, म्हणजे दोन सीड्या. ६४ ने २९ एमबी, म्हणजे एकीत काम भागलं. वेव्ह फायली मी पुसून टाकल्या. एका कोऱ्या सीडीचे पैसे वाचवले! शाबास.

आता एमपीथ्री करते काय? आवाज लहान करताना ती 'हे माणसाला ऐकू येणार नाही' असं ठरवून बरंच काही टाकून देते. मोठ्या आवाजाच्या आड दडलेला बारीक आवाज जातो, वरच्या पट्टीतलं जातं. जितके कमी केबीपीएस, तितकी कात्री मोठी. त्यात आपलं भजन म्हणजे तिच्यासाठी फारच अवघड गिऱ्हाईक. एमपीथ्री आवाजाचे छोटे तुकडे पाडून एकेक तुकडा आवळते. टाळेचा ठोका तुकड्याच्या मधोमध पडला की आवळताना झालेली चूक तुकडाभर पसरते, अगदी ठोक्याच्या आधीसुद्धा. माझ्या फायलींत टाळेआधी जे बारीक 'श्श' येतं ते हेच. कॅसेटवर ते नव्हतं. मागून साथ देणारी चार माणसं माझ्या एमपीथ्रीत एकाच माणसासारखी वाटतात. त्यातला एक आवाज आमच्या आजीच्या भावाचा. त्याचं दुसरं रेकॉर्डिंग कुठेही नाही.

आणि हे फ्लॅक केल्याने परत येत नाही! मामेभाऊसाहेब, तुमच्याकडे २९ एमबीच्या फायलीची अडीचशे एमबीची फाईल झाली, एवढंच. फ्लॅक हा फार प्रामाणिक प्रकार आहे. २००१ सालापासून आहे, फुकट आहे, आणि दिलेला आवाज जसाच्या तसा परत देतो. मूळ आवाजाची खूणगाठसुद्धा फाईलमध्येच बांधून ठेवतो, केव्हाही ताडून पाहा. पण त्याला गाळलेलंच दिलं तर तो गाळलेलंच इमानाने जपणार ना?

आम्हा पेणकरांना हे समजायला खरं तर कॉम्प्युटर लागू नये. गणपतीच्या कारखान्यात मूळ मूर्तीवरून साचा करतात. उद्या कुणी त्या साच्यातून निघालेल्या मूर्तीवरूनच पुन्हा साचा केला तर दागिन्यांची नक्षी बोथट होते, बोटांमधल्या फटी बुजतात. एमपीथ्रीचं पुन्हा दुसऱ्या तशाच फॉरमॅटमध्ये रूपांतर, म्हणजे एएसी वगैरे, हा साच्यावरून साचा. आणि एमपीथ्रीचं फ्लॅक म्हणजे तीच बोथट मूर्ती मोठ्या मखरात. हल्ली 'एआयने क्वालिटी वाढवा' म्हणणारीही ॲप्स आलीत. पुसलेली नक्षी कारागीर नव्याने कोरू शकतो, छानही कोरतो, पण ती त्याची नक्षी. आमच्या आजोबांचा आवाज मला अंदाजाने भरलेला नकोय.

माझा राग एमपीथ्रीवर नाही. गाडीत, फोनवर ऐकायला ती झकास आहे. एप्रिल २०१७ मध्ये तिच्या पेटंटचं लायसन्स देणंही बंद झालं, तेव्हा काही लोकांनी तिचे मृत्युलेख लिहिले. ती आपली ठणठणीत आहे. बाजारातल्या गाण्यांचं तुम्ही हवं ते करा, बिघडलं तर पुन्हा विकत मिळतात. भांडण आहे ते 'सीडी क्वालिटी' या लेबलाशी. ते लेबल लागलं नसतं तर मामींनी कॅसेटींना हात लावला नसता. माझ्या ६४ ने आवाज खराब केला, पण मूळ माळ्यावर शाबूत होतं. या फ्लॅकने आवाजाला काहीच केलं नाही, आणि मूळ मात्र कचऱ्यात निघालं होतं.

कॅसेटी काही अमर नाहीत, हे मान्य. रायगडातले इतके पावसाळे त्यांनी खाल्लेत, एखादीला बुरशी लागलेली असणार. म्हणून तर घाई. या वेळी थेट वेव्हमध्ये उतरवायच्या, मग फ्लॅक, आणि दोन डिस्कवर दोन घरी, एक पेणला, एक रोह्याला. फोनसाठी एमपीथ्री त्या फ्लॅकवरून हवी तितकी काढा. अकरा जीबी आज नखाएवढ्या कार्डावर मावतात, तेव्हा जागेचं कारण कुणी सांगू नये.

मामी, येत्या रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. कॅसेटी उतरवून ठेवा, पण उन्हात नको, आणि मी येईपर्यंत एकही लावून बघू नका. मामांचा तो जुना डेक अजून असेल तर तोही काढा. बेल्ट एव्हाना वितळून चिकट झाला असेल, नवा मी घेऊन येतो. आणि रंगाऱ्याला सांगा, माळा सगळ्यात शेवटी.