डोंगल आहे, पण दिसत नाही!

मंडळी, गेल्या महिन्यात सिकंदराबादला ताईकडे दोन दिवस जाऊन आलो. आपल्या देगलूर-उदगीरकडच्या कितीतरी घरांचं एक पाऊल हैदराबाद-सिकंदराबादेत असतं, तसं आमचंही आहे. शनिवारी संध्याकाळी पोहोचलो, तर घरात सुतकी शांतता. ताईचा संगणक वाय-फाय पकडत नव्हता.

आता यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. ताईची दोन्ही नातवंडं अमेरिकेत. दर रविवारी सकाळी सातला ती त्यांना मराठी शिकवते. तिथे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असते. मोबाईलच्या इवल्याशा पडद्यावर तिला अक्षर दिसत नाही, म्हणून संगणक हवा. एक रविवार आधीच बुडाला होता. धाकटा परवा फोनवर ‘आजी’ऐवजी ‘ग्रँडमा’ म्हणाला, ते ताईच्या मनाला लागलं होतं.

घोळ असा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मोफत अद्ययावतं बंद झाली. जुन्या संगणकावर विंडोज ११ चालेना. भाच्याने दिवाळीत येऊन त्यावर फुकटातलं लिनक्स मिंट बसवलं, राऊटरला वायर जोडून सगळं चालू करून दिलं आणि तो पुण्याला परतला. संगणक पुन्हा आतल्या खोलीत गेला, वाय-फायचं डोंगल लावलं, तर काहीच नाही!

दाजी पिशवी घेऊन निघालेच होते. पार्क लेनवरचं चिनॉय ट्रेड सेंटर म्हणजे सिकंदराबादचा संगणक-बाजार. “छोडो जी, नवंच आणू,” असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, “दाजी, थांबा. आधी निदान, मग औषध. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी व्हायचं.”

पहिली गोष्ट, डोंगल पुढच्या खाचेतून काढून मागच्या खाचेत थेट लावलं. पुढच्या खाचांची आतली वायर अनेकदा सैल असते. मग टर्मिनल उघडून ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिली, सगळी अक्षरं इंग्रजी लहान लिपीत, जोडून. यूएसबीला काय काय जोडलंय याची ती हजेरी घेते. डोंगल काढून एकदा आणि लावून एकदा हजेरी घ्यायची. एकही ओळ वाढली नाही, तर दोष खाचेत किंवा डोंगलमध्ये. ते दुसऱ्या संगणकावर लावून पाहावं. ओळ वाढली, तर डोंगल जिवंत आहे, फक्त ओळख पटत नाही.

आमच्याकडे ओळ वाढली, पण तीत लिहिलं होतं, ‘सीडी-रॉम’! म्हणजे हे बेटं सीडीचं सोंग घेऊन बसलं होतं. बऱ्याच डोंगलांत विंडोजचा ड्रायव्हर आतच भरलेला असतो. ती आधी स्वतःला सीडी म्हणवतात आणि मग वाय-फाय होतात. पूर्वीची थ्री-जी डोंगलंही हेच करायची. पडद्यावरच्या त्या सीडीवर उजवी टिचकी मारून ‘इजेक्ट’ केलं. पुन्हा हजेरी घेतली, तर ओळ बदलली. सोंग उतरलं! हे रोज करावं लागू नये म्हणून ‘यूएसबी-मोडस्विच’ नावाची सोय असते. तिच्या यादीत आपल्या डोंगलचा क्रमांक घातला की झालं.

तरीही वाय-फायची यादी येईना. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, जुना होता. त्याला ही चिप माहीतच नव्हती. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या पोटातच येतात. रिअलटेकच्या बऱ्याच यूएसबी चिप २०२३ च्या ६.२ कर्नलपासून, तर आणखी काही मार्च २०२५ च्या ६.१४ पासून चालू लागल्या. पण नवा कर्नल उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी नवा कर्नल! दाजी हसले. मी त्यांचा मोबाईल चार्जिंगच्या वायरने संगणकाला जोडला आणि ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केलं. अपडेट मॅनेजरमधून नवा कर्नल घेतला, संगणक बंद करून पुन्हा चालू केला आणि डोंगलचा दिवा लुकलुकला.

वाचकहो, नवं डोंगल घ्यायचंच झालं तर खोक्यावरच्या नावावर जाऊ नका, आतली चिप विचारा. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन-७२२एन या एकाच नावाच्या डोंगलात पहिल्या आवृत्तीत आथेरॉसची चिप होती, दुसरीत रिअलटेकची. नाव एक, आत्मा दुसरा! आणि बाहेरून आणलेला ड्रायव्हर बसवूनही चालत नसेल, तर बायॉसमधलं ‘सिक्युअर बूट’ त्याला अडवत नाही ना, तेही पाहा.

रविवारी सकाळी सातला आतल्या खोलीतून आवाज आला, “आज्जी, ‘ळ’ कसा काढायचा?” ताईने पदराने डोळे टिपले आणि पडद्यावर हळूहळू ‘ळ’ काढून दाखवला. दाजी चहा घेऊन आले आणि माझ्या कानात म्हणाले, “पिशवी रिकामीच बरी.”