खुबा आपला, फाइल कुणाकडे?

नव्या साडीचा रंग पहिल्याच धुण्यात उतरला, तर आपण बायका ती पिशवीत कोंबून दुकान गाठतो. पावती हरवली असली तरी मागे हटत नाही. पण शरीरात बसवलेली वस्तू बिघडली तर? तेव्हा मात्र आपली भाषाच बदलते. वय झालं, हाडं झिजली, भोग आहेत... आणि वस्तू परदेशी असली की बोलायलाच नको. 'एवढी मोठी कंपनी, आपण कुठे पुरणार?' हे वाक्य घरोघरी तयारच असतं.

मला हे वाक्य पटत नाही. का, ते सांगते.

जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यु या कंपनीचा 'एएसआर' नावाचा कृत्रिम खुबा आपल्याकडे सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला. त्यात धातूचा गोळा धातूच्याच वाटीत फिरायचा. घासून घासून कोबाल्ट आणि क्रोमियमचे सूक्ष्म कण निघायचे, रक्तात उतरायचे, सांध्याभोवतालचं मांस-हाड खराब करायचे. ऑस्ट्रेलियातून कंपनीने तो २००९ च्या अखेरीस काढून घेतला आणि ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला. आता साडी परत मागवणं वेगळं आणि खुबा परत मागवणं वेगळं, नाही का? कित्येकांना पुन्हा टेबलावर जावं लागलं.

पुढची गोष्ट पैशांची. अमेरिकेत रुग्णांनी खटले भरले आणि २०१३ मध्ये कंपनी सुमारे अडीच अब्ज डॉलर द्यायला तयार झाली. ऑस्ट्रेलियातल्या रुग्णांनी एकत्र येऊन दावा लावला, तिथे २०१६ मध्ये २५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली. आपल्याकडे? महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत गुन्हा नोंदवला, हे आपल्या राज्याने केलेलं चांगलं काम. पण केंद्राची तज्ज्ञ समिती नेमली गेली ती थेट २०१७ मध्ये. औषधांच्या आपल्या जुन्या कायद्यात अशा रुग्णाला भरपाई देण्याची तरतूदच नव्हती. २०१८ मध्ये सरकारने ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंतचं सूत्र ठरवलं, तर कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. मे २०१९ मध्ये तिने पडताळणी झालेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख देण्याची तयारी दाखवली. ४,७०० कुठे आणि ६७ कुठे!

बाकीचे कुठे गेले? खरी मेख इथेच आहे. तीन हजारांहून जास्त रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही. म्हणजे अशी माणसं असतील, ज्यांना आजही ठाऊक नाही की आपल्या खुब्यात काय आहे. एखादी आजी लंगडत देवळात जात असेल आणि सून म्हणत असेल, 'आईंचं दुखणं आता कायमचंच.'

कायदा मात्र आता पूर्वीचा राहिलेला नाही. जुलै २०२० मध्ये लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. बनवणारी कंपनी परदेशात बसली असेल, तिला नोटीस बजावता येत नसेल किंवा तिच्यावर इथला कायदा चालत नसेल, तर विकणाऱ्याला जबाबदार धरता येतं. आणि 'विकणारा' या शब्दात माल आयात करणाराही येतो. म्हणजे लीड्सला किंवा न्यूयॉर्कला जायची गरज नाही. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, वकील लावायलाच हवा असंही नाही. मुदत दोन वर्षांची. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं.

(भाच्याने दुबईहून बॅगेतून आणलेल्या मिक्सरचं मात्र अवघड आहे बरं! त्याला इथे ना आयातदार, ना दुकानदार. भांडं फुटून हात भाजला तर नोटीस कुणाला पाठवणार?)

कायदा आला म्हणून दावा आपोआप उभा राहत नाही. समोरचा पहिलं म्हणणार, वस्तू चांगलीच होती, ऑपरेशन चुकलं. दुसरं म्हणणार, ही वस्तू आमचीच कशावरून? त्याचं उत्तर एका छोट्याशा स्टिकरवर असतं. सांधा, झडप, डोळ्यातली लेन्स, जे काही बसवतात त्याच्या खोक्यावर कंपनीचं नाव आणि लॉट नंबर असलेला तो स्टिकर. आणि हा कागद आपल्याकडे कुणाजवळ असतो? पुण्याच्या मुलाकडे, नाहीतर जावयाच्या कपाटात. गुडघे आपले, खुबा आपला, पण फाइल दुसऱ्याची. दागिन्यांच्या डबीची किल्ली आपण कुणाला देत नाही, मग हीच का देतो?

तेव्हा ऑपरेशन झालेलं असेल तर स्टिकर डिस्चार्ज कार्डावर आहे का ते आजच बघा. नसेल तर लेखी अर्ज करून कागदांच्या प्रती मागा. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी त्या ७२ तासांत द्यायच्या असतात. खराब झालेला सांधा काढला, तर तो तुकडा कुणाच्या ताब्यात गेला हेही लिहून घ्या, कारण पुरावा तोच असतो. आणि हे सगळं उद्यावर टाकू नका. सांध्याची कुरकुर कधीकधी पाच-सात वर्षांनी सुरू होते. दाखल रुग्णाचे कागद जपायचं बंधन मात्र त्याच नियमांत तीनच वर्षांचं आहे.