पॅनेल भंगारात घालण्याआधी

मागच्या पंधरवड्यात आमच्या वस्तीवर भंगारवाला आला आणि शेजारच्या तात्यांचं सोलर पॅनेल वजनावर घेऊन निघाला. काच शाबूत, चौकट शाबूत. मी थांबवलं, पॅनेल उन्हात धरून मीटर लावला, तर वीस व्होल्ट दाखवले. तात्यांना विचारलं, "हे का देताय?" म्हणाले, "दिवा अर्धा तास बी जळत न्हाय. दुकानदार म्हणतो समदं जुनं झालंय, नवंच बसवा." नव्यासाठी ते पतसंस्थेत कर्जाची चौकशीही करून आले होते.

2010 साली राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं. नाबार्डमार्फत अनुदान आणि बँकेचं कर्ज यांच्या जोरावर पुढच्या काही वर्षांत घरगुती दिव्यांचे संच बसले. तात्यांचा संच त्यातलाच. 74 वॅटचं पॅनेल, 75 अँपिअर-अवरची बॅटरी, चार सीएफएल दिवे. पॅनेलला हलणारा भाग नसतो. पंचवीस वर्षांनीही ऐंशी टक्के वीज देईल अशी हमी कंपन्या देतात. मरते ती बॅटरी. वेळेवर शुद्ध पाणी घातलं नाही, की चार-पाच वर्षांत तिचा खेळ संपतो. बॅटरी मेली म्हणून पॅनेल विकणं म्हणजे टायर फुटला म्हणून गाडी मोडीत काढण्यासारखंच.

मी स्वतः एकदा फसलो आहे, म्हणून सांगतो. तीन वर्षांपूर्वी वस्तीवर टीव्ही आला, पंखा आला, पोरांचे मोबाईल आले. वीज पुरेना. तालुक्याच्या गावातून 330 वॅटचं मोठं पॅनेल आणलं आणि जुन्या चार्ज कंट्रोलरला जोडलं. वाटलं, आता चौपट वीज. पण मोठं पॅनेल सदतीस व्होल्टच्या आसपास चालतं आणि आपली बॅटरी बारा व्होल्टची. साधा कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टवर खाली ओढतो, वरचे व्होल्ट वाया. 330 वॅटमधले जेमतेम 115 हाती लागले. आठवड्यात कंट्रोलरही जळाला, कारण एवढे व्होल्ट सोसायला तो बनवलेलाच नव्हता. विकणाऱ्यानं हे सांगायला नको होतं का? मोठ्या पॅनेलला एमपीपीटी जातीचा कंट्रोलर लागतो. जास्तीचे व्होल्ट तो अँपिअरमध्ये बदलतो. तो घ्यायचा नसेल तर जुन्याच व्होल्टचं दुसरं पॅनेल शेजारी जोडावं, मात्र कंट्रोलर दोघांचे मिळून अँपिअर सोसणारा हवा.

तात्यांच्या घरी आम्ही सुरुवात केली ती खर्च कमी करण्यापासून. नऊ वॅटचे चार सीएफएल काढून बारा व्होल्टचे पाच वॅटचे एलईडी लावले. उजेड तेवढाच, वीज जवळजवळ निम्मी. मग वायर पाहिली. गोठ्यापर्यंत पंधरा मीटर दीड चौरस मिलिमीटरची बारीक वायर ओढलेली. दोन दिवे आणि पंखा चालू केला की चार अँपिअर जाणार आणि वाटेतच दीड व्होल्ट खाल्ले जाणार. बारातले दीड! घरच्या 230 व्होल्टला हे जाणवत नाही, बाराला मात्र मारतं. चार चौरसची तांब्याची वायर टाकली. बॅटरी सगळ्यात शेवटी घेतली. मेलेल्या बॅटरीला नवी जोडायचा मोह तात्यांना झाला होता, पण जुनी नवीलाही ओढून नेते. लिथियम घ्यायची तर तिला पाण्याची कटकट नाही आणि ती टिकतेही जास्त. पण किंमत चढी, आणि तिच्या मापाचा कंट्रोलर लागतो. तात्यांनी शिशाचीच घेतली. जुनी दुकानदाराला परत दिली, बट्टा मिळाला. कुणी कुणी तिचं तेजाब ओढ्यात ओततात आणि तिथंच गुरं पाणी पितात.

एवढं करून नव्या संचाला लागले असते त्याच्या निम्म्याहून कमी पैसे लागले. कर्ज टळलं.

आता सरकारला एक सवाल. 2019 पासून कुसुमचे पंप आहेत, 2024 पासून घराच्या छतासाठी सूर्यघर आहे. चांगलंच आहे. पण सूर्यघर तारेच्या विजेला जोडलेल्या घरांसाठी, आणि आमच्या वस्तीपर्यंत तार आलेली नाही. पंधरा वर्षांपूर्वी ज्यांना संच दिले, त्यांच्या दुरुस्तीचं काय? नव्यासाठी पैसा निघतो, मग बॅटरी बदलायला हातभार लावणारी योजना का निघू नये? आयटीआयला वायरमन शिकतात, त्यांना बारा व्होल्टचा कंट्रोलर उघडून दाखवायला आठवडाही पुरे. तालुक्याला असा एक पोरगा असता तर तात्यांना भंगारवाल्याला हाक मारावी लागली नसती.

भंगारवाल्याच्या गाडीत त्या दिवशी तात्यांचं सोडून आणखी तीन पॅनेलं होती. तिन्हींच्या काचा शाबूत होत्या.